ॲव्हरेज उजव्या पायात असते

नव्या गाडीला हार घालून ती दारात उभी राहिली, की शेजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला किमतीचा आणि दुसरा, ‘ॲव्हरेज किती देते?’ जणू ॲव्हरेज हा गाडीच्या रंगासारखा कारखान्यातून ठरून आलेला गुण आहे. प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन सारख्या गाड्या एकाच रस्त्यावर रोज धावतात आणि एकीचा मालक लिटरला 15 किलोमीटर सांगतो, तर दुसरीचा 19. इंजिन तेच, पेट्रोल तेच, पंपही तोच. फरक असतो तो चालवणाऱ्याच्या उजव्या पायात, डाव्या हातात आणि मुख्य म्हणजे नजरेत.

जयसिंगपूरहून सांगली किंवा कोल्हापूरला नोकरी, दवाखाना, कॉलेज किंवा व्यापारासाठी रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कोल्हापूर साधारण 40 किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 80. महिन्याचे 25 दिवस धरले तर 2000 किलोमीटर. लिटरला 16 किलोमीटर मिळाले तर 125 लिटर पेट्रोल लागते, 19 मिळाले तर 105 लिटर. फरक 20 लिटरचा. लिटरला 105 रुपये धरले, तर महिन्याला 2100 आणि वर्षाला 25 हजार रुपये. एवढ्या रकमेत गाडीचा वर्षाचा विमा आणि सर्व्हिसिंग निघू शकते. यासाठी नवी गाडी लागत नाही, कसले यंत्र बसवावे लागत नाही. लागते ती गाडीचे विज्ञान समजून घेण्याची तयारी आणि काही सवयी बदलण्याची.

लिटरमधला पाव हिस्सा

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली बरीचशी रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णतेच्या रूपात निघून जाते. काही इंजिनातल्या आणि गिअरबॉक्समधल्या घर्षणात खर्च होते. चाकांपर्यंत पोचतो तो ढोबळमानाने पाव हिस्सा, गर्दीच्या रस्त्यावर त्याहूनही कमी. या पाव हिश्श्याचे पुढे तीन वाटेकरी असतात: समोरची हवा कापणे, टायर आणि रस्ता यांच्यातला विरोध आणि ब्रेक.

हवा आणि टायर यांचा वाटा पूर्णपणे टाळता येत नाही, कमी करता येतो. ब्रेकचा वाटा मात्र बराचसा चालकाच्या हातात असतो. म्हणून इंधन वाचवण्याची सुरुवात तिथून करावी.

प्रत्येक ब्रेक म्हणजे वीस मिलिलिटर

दोन माणसे बसलेल्या छोट्या गाडीचे वजन सुमारे 1100 किलो असते. ती ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात साधारण 150 किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा पेट्रोल जाळूनच मिळवलेली असते. चाकांपर्यंत पाव हिस्साच पोचतो हे लक्षात घेतले, तर तेवढी गती मिळवायला जवळपास 20 मिलिलिटर पेट्रोल खर्च झालेले असते. समोर काही आडवे आले आणि करकचून ब्रेक दाबला, की ही सगळी ऊर्जा ब्रेक पॅड गरम करण्यात जाते. पुन्हा 60 चा वेग पकडायचा तर आणखी 20 मिलिलिटर. असे 50 ब्रेक म्हणजे एक लिटर. ताशी 80 वरून थांबलो तर प्रत्येक ब्रेकला 35 मिलिलिटरच्या आसपास जातात, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

याचा अर्थ ब्रेक लावू नये असा मुळीच नाही. जिथे लावायचा तिथे लावलाच पाहिजे. पण बरेचसे ब्रेक हे उशिरा पाहिल्यामुळे लागतात. दोनशे मीटरवर एसटी थांबलेली दिसते आहे, सिग्नल लाल आहे, गतिरोधकाचा फलक आहे, तरीही ॲक्सिलरेटरवरचा पाय शेवटच्या क्षणापर्यंत उचलला जात नाही. नजर समोरच्या गाडीच्या मागच्या काचेवर न ठेवता त्याच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांपर्यंत टाकली, तर पाय आपोआप लवकर सुटतो. गाडी स्वतःच्या वेगाने पुढे जात राहते आणि बऱ्याचदा सिग्नलपाशी पोचेपर्यंत तो हिरवा झालेला असतो. पूर्ण थांबून पुन्हा पहिला गिअर टाकण्यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पुढे सरकणे केव्हाही स्वस्त पडते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार धसमुसळेपणाने, म्हणजे झपकन वेग घेत आणि करकचून ब्रेक मारत गाडी चालवल्यास महामार्गावर ॲव्हरेज 15 ते 30 टक्क्यांनी आणि गर्दीच्या रस्त्यावर 10 ते 40 टक्क्यांनी घटू शकते. गाडीच्या नेहमीच्या देखभालीतून सहसा एवढी मोठी बचत होत नाही.

हवेची भिंत

हवेचा विरोध डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो खरा वाटत नाही. धावत्या गाडीच्या खिडकीतून आलेला वारा ताशी 40 ला सुखद वाटतो आणि 90 ला कागद हातातून हिसकावून नेतो. हा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 70 ऐवजी 90 ने गेले, तर हवा कापायला दर किलोमीटरमागे सुमारे 65 टक्के जास्त ऊर्जा लागते.

आता वेळेचा हिशेब पाहावा. जयसिंगपूर ते कोल्हापूर या वाटेवर अडथळ्याविना मोकळा मिळणारा रस्ता 25 किलोमीटर धरला, तर तो ताशी 90 ने सुमारे 17 मिनिटांत संपतो आणि 70 ने साडेएकवीस मिनिटांत. वाचलेली पाच मिनिटे शिरोलीच्या सांगली फाट्यावरच्या गर्दीत बहुतेक वेळा परत द्यावी लागतात. पेट्रोल मात्र परत मिळत नाही.

1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने जानेवारी 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैल, म्हणजे 88 किलोमीटरची वेगमर्यादा घातली, ती इंधन वाचवण्यासाठीच. आपल्याकडे 1978 मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजेच पीसीआरए, वर्षानुवर्षे ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाचा सल्ला देत आली आहे. वेगवान चौपदरी रस्त्यावर इतक्या कमी वेगाने जाणे नेहमी शक्य किंवा सुरक्षित नसते. तिथे वाहतुकीबरोबर राहून 65 ते 75 च्या दरम्यान एकसारखा वेग ठेवणे हा व्यवहार्य मध्य आहे. ‘एकसारखा’ हा शब्द यात सर्वांत महत्त्वाचा. 50 वरून 90, पुन्हा 50 असा झोका घेण्यापेक्षा सलग 70 कमी पेट्रोल खातो.

गिअर लवकर, पाय हलका

इंजिन जितके वेगाने फिरते तितके त्याचे आतले घर्षण वाढते. त्यामुळे तोच वेग वरच्या गिअरमध्ये आणि कमी फेऱ्यांवर राखला तर पेट्रोल कमी लागते. साध्या पेट्रोल गाडीत 2000 ते 2500 फेऱ्यांच्या दरम्यान आणि डिझेल गाडीत 1500 ते 2000 च्या दरम्यान पुढचा गिअर टाकावा. ज्या गाडीत फेऱ्यांचा काटा नाही, तिथे कान पुरेसे असतात. इंजिन ओरडू लागण्याआधी गिअर बदलायचा.

याचा अतिरेकही नको. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी धडधडू लागली, पाय दाबूनही उठेना, तर इंजिनावर ताण येतो आहे असे समजावे आणि एक गिअर खाली यावे. चढावर आणि ओव्हरटेक करताना खालचा गिअर हाच योग्य. पुढे, पायाखाली क्लच अर्धवट दाबून ठेवण्याची अनेकांची सवय पेट्रोल आणि क्लच प्लेट दोन्ही खाते. गिअर बदलून झाला, की डावा पाय क्लचवरून बाजूला ठेवावा.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर चालकाच्या हातात नसतो, तरी पाय असतो. हलका पाय ठेवला की यंत्रणा स्वतःच लवकर वरचा गिअर निवडते.

उतारावर न्यूट्रल: जुनी समजूत, खरा धोका

तमदलग्याची खिंड असो किंवा रत्नागिरीकडे उतरणारा आंबा घाट, उतार लागला की ‘न्यूट्रल टाक, तेवढंच पेट्रोल वाचंल’ असे मागच्या सीटवरून कुणीतरी सांगतेच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या सल्ल्यात थोडे तथ्य होते. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक सर्व गाड्यांत इंधन इंजेक्शनने येते आणि त्यावर संगणकाचे नियंत्रण असते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की चाके इंजिनाला फिरवत राहतात. हे ओळखून संगणक इंजेक्टर बंद करतो आणि पेट्रोलचा पुरवठा थांबतो. वेग बराच उतरून इंजिन जवळजवळ आयडलिंगच्या फेऱ्यांवर आले, की तो पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल टाकत राहावे लागते. म्हणजे उतारावर गिअरमध्ये उतरणारी गाडी न्यूट्रलमधल्या गाडीपेक्षा कमी पेट्रोल घेते.

धोका त्याहून मोठा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब घाटात ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. तसे केल्यावर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांनंतर संपते, पेडल दगडासारखे घट्ट होते, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातल्या जुन्या चालकांचा नियम इंधनाच्या आणि जिवाच्या दोन्ही हिशेबात बरोबर ठरतो.

गल्लीतल्या फेऱ्या आणि उभे इंजिन

राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर आखीव गल्ल्यांसाठी ओळखले जाते. सरळ, समांतर गल्ल्या आणि त्यांना छेदणारे रस्ते यामुळे पत्ता शोधणे सोपे. पण मोटारीसाठी याचा अर्थ दर थोड्या अंतरावर एक चौक, म्हणजे एक ब्रेक आणि पुन्हा पहिला गिअर. त्यातून फेरी एक-दीड किलोमीटरची असेल तर इंजिन गरम होण्याआधीच ती संपते. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेते, त्याचे तेल घट्ट असते आणि धुरातले घातक वायू रोखणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थोडक्यात, सर्वांत छोटी फेरी दर किलोमीटरमागे सर्वांत महाग आणि सर्वांत घाण असते. सकाळी भाजी, दुपारी बँक, संध्याकाळी मेडिकल अशा तीन थंड फेऱ्यांपेक्षा एका फेरीत तिन्ही कामे करणे किंवा क्रांती चौकापर्यंत पायी जाणे पेट्रोलसाठी चांगले आणि गुडघे साथ देत असतील तर हृदयासाठीही.

उभ्या गाडीचे सुरू इंजिन हा दुसरा खड्डा. छोटे पेट्रोल इंजिन नुसते चालू राहिले तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितात आणि एसी लावला तर त्याहून अधिक. दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला कमी इंधन लागते, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सल्ला आहे. सिग्नलवर अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ असेल, रेल्वेचे फाटक पडले असेल किंवा कुणाची वाट पाहायची असेल, तर इंजिन बंद करणे फायद्याचेच.

शाळा सुटायच्या वेळी याचा संबंध थेट आरोग्याशी येतो. फाटकासमोर एसी लावून रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या धुराचे नळकांडे आणि पहिली-दुसरीतल्या मुलाचे नाक यांच्या उंचीत फारसा फरक नसतो. लहान मुले शरीराच्या मानाने जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे वाढत असतात. नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि सूक्ष्म कण दम्याचा त्रास वाढवतात. बंद शटरच्या गाळ्यात किंवा गॅरेजमध्ये गाडी ‘गरम व्हायला’ सुरू ठेवणे तर जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आधुनिक गाडी गरम करायला उभी ठेवावी लागत नाही. सुरू करावी, काही सेकंदांत निघावे आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवावे.

हवा, ओझे आणि एसी

टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो आणि रस्त्याला चिकटून चालतो. चारही टायरमध्ये सरासरी एक पौंड हवा कमी झाली तर ॲव्हरेज सुमारे 0.2 टक्क्याने घटते. आकडा छोटा वाटतो, पण महिनोन्‌महिने हवा न तपासलेल्या गाडीत आठ-दहा पौंड कमी निघणे नवल नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कमी हवेचा टायर उन्हाळ्यात तापून फुटण्याची भीती असते. दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना हवा तपासावी. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. जास्त ॲव्हरेजच्या लोभाने त्याहून जास्त हवा भरू नये. तसे केल्यास रस्त्यावरची पकड कमी होते आणि पावसात ब्रेकचे अंतर वाढते.

डिकीत कायमचे पडलेले सामान आणि छतावरचे रिकामे कॅरिअर हे न बोलता पेट्रोल पिणारे प्रवासी. साधारण 45 किलो जादा ओझ्याने ॲव्हरेज एक टक्क्याने घटते. छतावरची मोठी पेटी महामार्गाच्या वेगाला त्याहून कितीतरी जास्त नुकसान करते, कारण ती हवेच्या भिंतीत आणखी भर घालते.

एसीबाबतचा नियम सोपा आहे. गावात कमी वेगाला काचा खाली, महामार्गावर काचा वर आणि एसी चालू. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. मात्र वृद्ध, आजारी माणूस किंवा लहान मूल गाडीत असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात एसीवर काटकसर करू नये.

पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या, चार्जिंग सॉकेटमध्ये खोचायच्या डब्या यांच्यापासून दूर राहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभराहून अधिक उपकरणांची तपासणी केली आहे. त्यांतल्या मोजक्यांनीच थोडाफार फरक दाखवला. सकाळी थंडीत पेट्रोल भरले तर जास्त मिळते, ही समजूतही तशीच. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

ऊस टाकीत आला, तेव्हापासून

अलीकडे ‘गाडी पूर्वीसारखं ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार वाढली आहे. त्यामागे एक खरे कारण आहे आणि ते शिरोळ तालुक्याच्या शिवाराशी जोडलेले आहे. 2025 पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोचले. हे इथेनॉल ऊस, मळी आणि धान्यापासून तयार होते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या रचनेच्या चारचाकींत ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी आणि या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता.

म्हणजे 16 किलोमीटर देणारी जुनी गाडी 15 वर आली तर लगेच मेकॅनिकला दोष देऊ नये. हंगामात उसाच्या दरासाठी ऊस परिषद भरवणाऱ्या गावात हा मुद्दा दुहेरी आहे. शेतात आलेला पैसा आणि टाकीतून गेलेला पैसा एकाच उसाचे असू शकतात. टाकीतली ही घट चालकाला थांबवता येत नाही, पण पायाच्या सवयी बदलून ती भरून काढता येते.

जिथे काटकसर थांबते

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की जयसिंगपूरच्या आसपासच्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते. इंधन वाचवणाऱ्या चालकाची परीक्षा इथे असते. ट्रॉलीच्या मागे ताशी 20 च्या वेगाने रखडणे नकोसे होते. तरीही वेग ‘वाया’ जाऊ नये म्हणून समोरून येणाऱ्या दिव्यांचा अंदाज घेत घुसणे हा वीस मिलिलिटरसाठी लावलेला जीवघेणा जुगार आहे. मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रात्री जवळ आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून हंगामात रात्रीचा वेग आणखी उतरवावा.

ट्रकच्या अगदी मागे चिकटून चालल्यास हवेचा विरोध कमी होतो, हे विज्ञान खरे आहे. पण तो फायदा मिळण्यासाठी जितके जवळ जावे लागते तितक्या अंतरात ब्रेक लागत नाही. समोरचे वाहन ज्या खांबापाशी आहे तिथे आपली गाडी किमान दोन सेकंदांनी पोचावी, पावसात चार. गंमत म्हणजे हेच अंतर इंधनही वाचवते, कारण पुढच्याने थोडा ब्रेक लावला तरी मागच्याला पाय उचलण्यापुरते काम उरते. सुरक्षित अंतर, दूरवरची नजर आणि शांत पाय या तिन्ही गोष्टी पेट्रोल आणि प्राण दोघांनाही उपयोगी पडतात.

मोजल्याशिवाय कळत नाही

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजे असतो आणि जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतला. प्रमाणित चाचणी रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने आणि एसी बंद ठेवून होते. तिथे खड्डे नसतात, म्हशी आडव्या येत नाहीत. खरे ॲव्हरेज काढायचे तर टाकी फुल्ल करावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करावी आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. नोझल आपोआप थांबले की तिथेच थांबावे. एक टाकी नेहमीसारखी चालवून आणि दुसरी वर सांगितलेल्या सवयींनी चालवून पाहिली, तर फरक आपल्याच वहीत दिसतो.

1939 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या वुड रिव्हर इथे शेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आपसात पैज लावली होती, की एका गॅलनमध्ये कुणाची गाडी जास्त लांब जाते. जिंकणाऱ्याने जवळपास 50 मैल गाठले, म्हणजे लिटरला सुमारे 21 किलोमीटर. तेव्हा ना इंजेक्शन होते, ना संगणक. आजच्या साध्या गाडीला यंत्राची साथ आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला 20 लिटर वाचले तर घरात दोन हजार रुपये राहतात आणि गावाच्या हवेत 46 किलो धूर कमी होतो. त्यासाठी उद्या सकाळी पहिल्या चौकाच्या शंभर मीटर आधी पाय उचलून पाहावा, एवढी सुरुवात पुरेशी आहे.